चुन्याची रेघ

“बूट काढ,” ओरेस्तेमामा मला म्हणाले.

सव्वा वर्ष त्या मुलखात काढून मला कामापुरतं इटालियन येत होतं, तरी वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. बाहेर डिसेंबरची थंडी. गवतावरचं दहिवर गोठून पांढरं झालेलं, आणि हा म्हातारा मला अनवाणी व्हायला सांगत होता.

“काय म्हंतंय म्हातारं?” सुभेदार मोहिते साहेबांनी विचारलं.

“बूट काढ म्हणतोय, साहेब.”

“का? देवळात जायचंय व्हय?”

कुणी हसलं नाही. तेवढ्यात बाहेरच्या धुक्यातून पुन्हा हाक आली. “हिंद्याऽऽ...” मघापेक्षा बारीक आली. हिंद्या म्हणजे मी, नाईक हिंदूराव शेळके. हाक मारणारा रंगराव चव्हाण. कोल्हापुरात आमची गल्ली एक, तालीम एक, तालमीच्या फुटबॉल संघात आम्ही दोघे बॅक. भरतीलाही एकाच दिवशी गेलो होतो. आता तो दीडशे पावलांवर मांडीत गोळी घेऊन पडला होता आणि मला जाता येत नव्हतं, कारण मधे फुटबॉलचं मैदान होतं आणि मैदानात सुरुंग पेरलेले होते.

सन चव्वेचाळीसचा तो डिसेंबर. आमची मराठा पलटण इटलीच्या रोमान्या भागात, नदीकाठच्या एका लहान गावात अडकून पडली होती. नदीचा उंच बांध जर्मनांच्या ताब्यात. बांधाच्या पायथ्याशी मैदान, आणि मैदानाच्या अलीकडच्या कोपऱ्याला लागून ओरेस्तेमामांचं घर. त्या घरात आमची तुकडी. पहाटे तीन जण कालव्याच्या कडेनं टेहळणीला गेले होते. बांधावर जर्मनांशी गाठ पडली. दोघे परत आले. रंगा बांधावरून गडगडत खाली आला तो पलीकडच्या गोलच्या मागे. तेवढ्यात धुकं उतरलं म्हणून वाचला, नाहीतर वरून टिपलाच असता.

कालव्याच्या वाटेवर आता जर्मनांची मशिनगन लागली होती. सुरुंग काढणारी सफरमैनाची तुकडी दुपारी येणार होती. आणि रंगाचं रक्त काही दुपारपर्यंत थांबणार नव्हतं.

सुरुंग खरे आहेत का, अशी शंका घ्यायलाही जागा नव्हती. परवाच गावातली एक गाय चुकून मैदानात शिरली होती. तिचं जे झालं ते आम्ही या स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं होतं, आणि ती अजून तिथंच पडून होती.

“त्याला इचार, बूट कशाला काढायचे,” साहेब म्हणाले.

ओरेस्तेमामांनी टेबलावरच्या पाण्यात बोट बुडवलं आणि टेबलावरच एक लांबट चौकोन काढला.

“हे मैदान,” ते म्हणाले. “वीस-बावीस वर्षं मी याला चुना मारतोय. आधी माझा बाप मारायचा. इतका चुना मुरला की रेघेवर गवत उगवत नाही. जमीन तिथं दगडासारखी झालीय. जर्मनांनी सुरुंग पेरले ते मी माळ्यावरून तीन दिवस बघत होतो. गवताचा तुकडा उचकटायचे, खाली लाकडी डबी ठेवायचे, गवत परत वर बसवायचे. जिथं गवतच नाही तिथं कसे पेरणार? लगेच दिसलं असतं. रेघेवर एकही नाही.”

“पण आता रेघ कुठं दिसतीया?” साहेबांना मी सांगितल्यावर ते म्हणाले. खरंच होतं. सगळ्यावर गोठलेल्या चिखलाचा आणि दहिवराचा एकच थर होता, आणि वर धुकं. आपलाच हात दिसायची मारामार.

“दिसत नाही. पायाला लागेल,” मामा माझ्याकडे बघून म्हणाले. “तू म्हणाला होतास ना, तुमच्याकडे अनवाणी खेळतात?”

म्हणालो होतो. दहा दिवस त्या घरात राहून आम्ही दोघे दुसरं बोललो तरी काय होतो! मी त्यांना मामा म्हणायचो. त्याचा अर्थ आईचा भाऊ, असं सांगितल्यावर त्यांना ते फार आवडलं होतं. त्यांना माझं नाव जमत नसे. त्यांच्या तोंडात ‘ह’ बसतच नाही, म्हणून मी ‘इंदू’ झालो होतो.

माणूस साधासुधा नव्हता. भिंतीवर एक फोटो होता, टोप्या घातलेले, मिशांना पीळ दिलेले अकरा गडी, त्यात कडेला ओरेस्ते मालावासी. मोठ्या शहरातल्या संघाचा राइट आऊट, म्हणजे उजव्या रेघेवरून चेंडू नेणारा गडी. त्या काळी फुटबॉल खेळून पगार घ्यायला बंदी होती. म्हणून संघाच्या मालकानं त्यांना कागदोपत्री दोरखंडाच्या कारखान्यात कारकून दाखवलं होतं. हे रोज सकाळी तिथं जाऊन बोटांना शाई लावून यायचे आणि मग दिवसभर चेंडूमागे पळायचे. संघाला खेळ शिकवणारा एक इंग्रज होता. तो बाजूला उभा राहून एकच ओरडायचा, “रेघ सोडू नकोस!” मामांनी अकरा वर्षं ती रेघ सोडली नाही. देशाच्या संघातून एकदा खेळले. मग पहिलं महायुद्ध, डोंगरातल्या बर्फातली तीन वर्षं. परत येऊन पुन्हा खेळायला लागले, आणि एकविसाव्या सालच्या एका सामन्यात उजवा गुडघा गेला तो कायमचा.

त्या शेवटच्या सामन्याची गोष्ट मात्र त्यांनी सांगितली नव्हती. विषय निघाला की म्हणत, “ती नंतर. ती एकच राहिलीय, ती पुरवून ठेवलीय.”

तो गुडघा वाकत नसे. त्यामुळे स्वतःचे बूट त्यांना घालता येत नसत आणि काढताही येत नसत. दहा दिवस रोज सकाळी त्यांच्या बुटांच्या नाड्या मीच बांधत होतो. त्या सकाळीही मीच बांधल्या होत्या, थंडी होती म्हणून जरा आवळून, दुहेरी गाठ मारून.

मी साहेबांना सगळं समजावून सांगितलं. त्यांनी मामांकडे बराच वेळ रोखून पाहिलं.

“आन् हे म्हातारं त्यांच्यातलंच असलं तर? माझी दोन मानसं गेलीत या गावात. तिसरा जायचा.” मग म्हणाले, “त्याला म्हनावं, तू पुढं चाल. मग इस्वास ठेवतो.”

हे सांगताना मला लाज वाटली. मामांना वाटली नाही. ते काठी घेऊन उठलेच. “मी येणारच होतो,” म्हणाले. “कोपरा कुठं आहे हे माझ्याशिवाय कोण दाखवणार?”

मी बूट काढले, मोजे काढले.

कोपऱ्यावर निशाणाचा खड्डा होता. तो मामांनी काठीनं शोधून काढला. पलीकडे एक पाऊल टाकलं आणि मला खूण केली. मी पाय ठेवला. थंडी अशी झोंबली की डोळ्यांतून पाणी आलं. पण तळव्याखाली वीतभर रुंदीचा पट्टा लागला, टणक, गुळगुळीत, किंचित खोलगट. डावीकडे पाऊल तिरकं केलं की गवताची मुळं लागत, उजवीकडेही तसंच. आमच्या मैदानावर चुन्याच्या फक्कीची रेघ पावसात धुऊन जायची, तरी पायाला ती कळायचीच. तसंच हे होतं.

“लागली?”

“लागली, मामा.”

“मग मी पुढं चालतो. मी रेघ सोडली की सांग. माझ्या बुटांना काही कळत नाही.”

अशी आमची वरात निघाली. पुढे लंगडा म्हातारा, त्याच्या मागे दोन हात अंतरावर मी, त्याच्या कोटाचं टोक हातात धरून. “जरा डावीकडे, मामा... बास... सरळ.” पाऊल टाकायचं, तळवा फिरवून बघायचा, मग भार द्यायचा. शंभर पावलांना किती वेळ लागला सांगता येत नाही. मला आजवर पुष्कळ वेळा भीती वाटली आहे. गोळीची वाटली, तोफेची वाटली. पण ती वरून येणारी भीती असते, माणूस खाली वाकतो. इथं भीती खालीच होती आणि पाय तिच्यावरच ठेवायचा होता. धुक्यात डावीकडे काहीतरी काळं, फुगलेलं दिसलं आणि माझा पाय उचललेलाच राहिला. ती गाय होती.

मधेच मामा थांबले आणि कुजबुजले, “पोरगा होतो तेव्हा इथून मी चेंडू आत टाकायचो. बरोब्बर इथून.” त्या माणसाला तशातही ते सुचत होतं. मला राग आला आणि बरंही वाटलं.

पलीकडचा कोपरा आला. तिथून डावीकडे वळून गोलच्या रेघेवरून तीस-पस्तीस पावलं. बांधावर कुणीतरी खोकलं, इतक्या जवळ की मी श्वास धरला. गोलपोस्टला मिठी मारून रंगा बसला होता. मांडीवर पट्टा आवळलेला. तोंड पांढरंफटक.

“आलास व्हय,” तो म्हणाला. “आरं हिंद्या, पाय हाय का बघ की माझा. मला बघवंना.”

“हाय. गप बस.”

“ह्यो कोन?”

“मामा.”

“कुनाचा?”

“गप बस म्हटलं ना!”

मी त्याला पाठीवर घेतलं. रंगा तालमीतला गडी, अंगानं भरलेला. त्याचे हात गळ्याशी धरले आणि वळलो. आता रेघेवर पुढे मी होतो आणि मामा मागे. एकमेकांना ओलांडून जायला त्या वीतभर रेघेवर जागा नव्हती. त्यांनी माझा सदरा मागून धरला.

कोपऱ्यापर्यंत ठीक गेलं. बाजूच्या रेघेला लागलो, मैदानाच्या मध्यापर्यंत आलो, आणि धुकं जरा हललं. वारा सुटला होता. मागे बांधाची कड पुसट दिसायला लागली. मला दिसली म्हणजे त्यांनाही आम्ही दिसणार. इथं माझं डोकं गेलं. पायाला रेघ लागत होती, ओझं पाठीवर होतं, समोर घर होतं, आणि मी पळालो. पाय भराभर पडायला लागले. सदऱ्याला मागून एक ओढ बसली आणि मग ती सुटली. मला ते कळलं. कळलं नाही असं म्हणणार नाही.

वीसेक पावलं गेल्यावर मागून आवाज आला. मोठा नाही, बेताचाच.

“इंदू, मला रेघ कळत नाही रे.”

मी थांबलो. धुकं पुन्हा मिटलं होतं. ते दिसत नव्हते.

“हलू नका, मामा!” मी म्हणालो. “ह्याला ठेवून मी परत येतो. लगेच येतो.”

“सावकाश ये. मी बोलत राहीन. माझा आवाज येतोय तोवर मी उभा आहे असं समज. आवाज थांबला तर मात्र लवकर ये, गुडघा फार वेळ धरत नाही.”

“आलोच,” मी म्हणालो.

घरात शिरलो तेव्हा सगळ्यांनी रंगाला हातोहात घेतलं. डॉक्टरकडे न्यायला स्ट्रेचर तयारच होतं. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली, कुणी कांबळं टाकलं, कुणी चहाचा मग हातात दिला. मी चुलीजवळ बसलो आणि पाय विस्तवाजवळ धरले.

“म्हातारं कुठाय?” साहेबांनी विचारलं.

मी सांगितलं.

साहेब खिडकीशी गेले. बाहेरून मामांचा आवाज येत होता, संथ, अंगणात बसून गप्पा मारल्यासारखा. साहेब म्हणाले, “आता कुनी जायाचं न्हाई. वारं सुटलंय. धुकं फाटलं तर वरून टिपतील. सफरमैनावाले येतील तवा काढतील त्याला.”

हे ऐकून माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते लपवत नाही. बरं झालं, असं आलं.

“एकोणीसशे दहा,” बाहेर मामा सांगत होते. “एप्रिल. पाऊस होता. चेंडू भिजून असा जड झाला होता की डोक्यानं मारला की कपाळावर त्याच्या शिवणीच्या नाडीचा वळ उठायचा...” संघातल्या एकेकाचं नाव घेऊन ते सांगत होते. कोण कुठे उभा होता, चेंडू कुणाकडून आला, इंग्रज काय ओरडला. माझ्या लक्षात आलं, ते सालवारीनं चालले होते. उभं राहायला माणसाला काहीतरी धरायला लागतं, त्यांनी ते धरलं होतं. बांधावरून एकही गोळी आली नाही. जर्मनांना तो म्हातारा वेडा वाटला असेल, किंवा तेही ऐकत असतील.

अकरावं साल झालं. बारावं झालं. देशाच्या संघातून खेळले तो सामना आला, तेव्हा आवाज जरा चढला. मी मनात हिशोब करत होतो. एकविसाव्या सालात गोष्ट संपणार होती. पुढे त्यांच्याकडे सांगायला काही नव्हतं.

तासाभरानं साहेब माझ्याजवळ येऊन उकिडवे बसले. त्यांचा आवाज बदलला होता.

“शेळके, वारं पडलंय. धुकं पुन्हा दाट झालंय. तुला जायाचं असंल तर मी बघितलं न्हाई म्हनीन.”

मी मगाकडे बघत राहिलो. रेघ माहीत होती. दोनदा चाललो होतो. तिच्यावर सुरुंग नाही हे माझ्याइतकं पक्कं त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. पन्नास-साठ पावलं जायचं, म्हाताऱ्याचा हात धरायचा आणि यायचं, एवढंच.

“पाय बधिर झालेत, साहेब,” मी म्हणालो. “रेघ कळायची नाही आता.”

चुलीजवळ बसून माझे पाय केव्हाच ऊबदार झाले होते. बोटांत चांगल्या मुंग्या येत होत्या. साहेबांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि उठून पुन्हा खिडकीशी जाऊन उभे राहिले.

चौदावं साल संपलं आणि बाहेर शांत झालं. मी उठून उभा राहिलो. मग कळलं, लढाईची वर्षं आली. त्या वर्षांत सामने नव्हते, आणि त्या बर्फाबद्दल त्यांना काही सांगायचं नसावं. पाच-सहा श्वासांनंतर आवाज आला. “एकोणीसशे एकोणीस.” मी खाली बसलो. आवाज आता खरखरीत झाला होता आणि मधे मधे तुटत होता.

विसावं साल लागलं. मला ते ऐकवेना. एकेक सामना संपत होता, आणि प्रत्येक सामन्याबरोबर मला जाण्याची वेळ जवळ येत होती, आणि मी जाणार नाही हे मला आतून ठाऊक होतं. मी कांबळं डोक्यावरून घेतलं, दोन्ही तळहात कानांवर दाबले आणि गुडघ्यांत डोकं घातलं. कानांत नुसता माझाच ठोका वाजत राहिला. किती वेळ बसलो होतो कोण जाणे. लहान मूल अंधाराला भिऊन बसतं तसा मी भरदिवसा बसलो होतो.

कुणीतरी खांदा हलवला तेव्हा सफरमैनाची माणसं घरात आली होती. दुपारचे अडीच वाजले होते. बाहेर काही ऐकू येत नव्हतं.

त्यांच्या हवालदाराला मी रेघ सांगितली. तो अनुभवी माणूस होता, सळई टोचत, पांढरी फीत अंथरत निघाला. मी कोपऱ्यावर उभा राहिलो. आता माझ्या पायांत बूट होते.

धुकं वर चढत होतं. आधी त्यांचे बूट दिसले. मैदानाच्या जवळजवळ मध्यावर, रेघेवर, दोन्ही बूट जवळजवळ ठेवलेले. बुटांत कुणी नव्हतं. नाड्या चाकूनं कापलेल्या होत्या. मी बांधलेल्या दुहेरी गाठी तशाच्या तशा होत्या.

तिथून आमच्या बाजूला सतरा पावलांवर मामा पडले होते, पालथे. पडलेही रेघेच्या दिशेनं होते. एक हात पुढे होता. पाय उघडे, निळे पडलेले. म्हाताऱ्यानं न वाकणाऱ्या गुडघ्यावर उभं राहून, काठीचा आधार घेऊन, नाड्या कशा कापल्या असतील हे मला आजही सांगता येत नाही. पण कापल्या होत्या, आणि रेघ त्यांच्या पायांना लागली होती. ते ती धरून घराकडे यायला निघाले होते. मग गुडघा गेला असणार. सुरुंगानं त्यांना हातसुद्धा लावला नाही. थंडीनं नेलं.

हवालदारानं मानेला हात लावून पाहिला. “फार वेळ झाला नाही,” तो म्हणाला. “अर्धा तास असंल.”

साहेब माझ्या शेजारी येऊन उभे राहिले होते.

“बारा-एकच्या सुमारास त्याची बडबड थांबली,” ते म्हणाले. “मग बराच वेळ कायच न्हाई. मग बारीक आवाजात हाका मारायला लागला. ‘इंदू, इंदू’ करत हुता. ते इंदू म्हंजे कोन?”

मी रेघेवरच्या त्या रिकाम्या बुटांकडे बघत होतो.

“तू ऐकत हुतास की न्हाई तिथं बसून? तुला त्याची भाषा कळती. मी म्हटलं, काय महत्त्वाचं असलं तर शेळके सांगंल मला.”

इतक्या वर्षांत मी ते वाक्य किती वेळा ऐकलं असेल. साहेबांनी ते रागानं म्हटलं नव्हतं, म्हणूनच ते जात नाही.

म्हणजे मामांनी शेवटचा सामना सांगितला होता. तो पुरवून ठेवलेला. मोहिते साहेबांनी तो खिडकीशी उभं राहून सबंध ऐकला, पण त्यांना त्यातलं अवाक्षर कळलं नाही. मला कळला असता, आणि मी कान झाकून बसलो होतो. ओरेस्ते मालावासींनी त्या दिवशी रेघ सोडली होती का, गुडघा कसा गेला, सामना कुणी जिंकला, यातलं मला काहीही माहीत नाही. आता सांगायला कुणी उरलंही नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना गावच्या दफनभूमीत पुरलं. पुरण्याआधी मी त्यांच्या पायांत बूट चढवले आणि त्यांना नव्या नाड्या घातल्या. तिसऱ्या दिवशी पलटणीला पुढे जायचा हुकूम आला.

रंगाचा पाय वाचला. जरा लंगडायचा, तेवढंच. पुढे अडतीस वर्षं जगला, मुलं झाली, नातवंडं झाली. दर वर्षी फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की तालमीत माझा सत्कार व्हायचा, आणि रंगा उभा राहून सगळ्यांना सांगायचा, “ह्यो हिंद्या. माझ्यासाठी सुरुंगातनं अनवाणी चालत आलता. वाघ हाय वाघ!” टाळ्या पडायच्या. मला फेटा बांधायचे, नारळ द्यायचे. मी घ्यायचो. एकदा त्यानं विचारलं, “त्या मामाचं काय झालं रं पुढं?” मी म्हणालो, “तुला दवाखान्यात नेल्यावर घरी आले की.” तो खूश झाला. “लई जगू दे त्याला,” म्हणाला, आणि अंबाबाईच्या देवळाच्या दिशेनं हात जोडले.

गेल्या श्रावणात रंगा गेला. म्हणून आता हे सांगतोय. तो असेपर्यंत तोंड उघडणं शक्य नव्हतं.

यंदाही हंगामाच्या पहिल्या सामन्याला मला बोलावलं होतं. फक्की नुकतीच मारली होती. मी चपला काढल्या आणि कोपऱ्यापासून मधल्या रेघेपर्यंत बाजूच्या रेघेवरून चालत गेलो. दर वर्षी जातो. लोकांना वाटतं, म्हातारा मैदानाच्या पाया पडतोय. मधल्या रेघेशी पोचलो की मी मागे फिरतो आणि परत येताना सतरा पावलं मोजतो. तिथं जरा थांबतो. तिथून कोपरा अगदी जवळ दिसतो, हाक मारली तर सहज ऐकू जाईल इतका.